फ्रेंडली मॅच आहे, मग एवढा राग का येतो?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की शेजारी देशांमधल्या फुटबॉलच्या फ्रेंडली मॅचबद्दल (म्हणजे कुठल्याही स्पर्धेतली नसलेली, सरावाची मॅच) काय वाटतं ते कळवा, आणि पत्रं आली ती जवळपास सगळी तापलेलीच. कोणाला कोचचा राग, कोणाला असोसिएशनचा, कोणाला समोरच्या प्रेक्षकांचा. सगळी छापता येत नाहीत, पण ज्यांच्यात प्रश्न खरा आहे अशी काही घेतलीयत.

प्रश्न : शेजारी देशाशी फ्रेंडली हरलो की आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडतात. अर्धे म्हणतात सोडून द्या, सरावाची मॅच होती, अर्धे म्हणतात कोचला आजच्या आज काढा. नक्की कोणाचं बरोबर?

दोघंही बरोबर आहेत असं म्हणून मी सुटू शकतो पण तसं करत नाही, कारण मला वाटतं मूळ भानगड वेगळीच आहे. कोच आणि फॅन त्या नव्वद मिनिटांत दोन वेगळ्या मॅच बघत असतात. कोचला बघायचं असतं की नवा लेफ्ट बॅक प्रेशरखाली बॉल कसा सोडवतो, तिघांचा डिफेन्स जमतोय का, तो एकोणीस वर्षांचा पोरगा मोठ्या गर्दीसमोर गांगरतो का. फॅनला बघायचं असतं की आज आपण यांना हरवतो का, बस्स. आणि समोर शेजारी असेल तर हे अंतर अजून वाढतं, कारण त्या देशाशी फक्त फुटबॉलचा हिशोब नसतो, सीमेचा असतो, इतिहासाचा असतो, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्या देशाच्या माणसाचा असतो, आणि सोमवारी त्याला तोंड दाखवायचं असतं ते फॅनला, कोचला नाही.

हे आजकालचं नाहीये. अधिकृत मानली जाणारी जगातली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच हीच शेजाऱ्यांची फ्रेंडली होती. 30 नोव्हेंबर 1872, स्कॉटलंड आणि इंग्लंड, ग्लासगोजवळ पार्टिकला एका क्रिकेटच्या मैदानावर, साधारण चार हजार लोक, निकाल 0-0. ना कप ना पॉइंट, तरी लोक पैसे भरून आले. म्हणजे शेजाऱ्याशी खेळताना लोकांना पणाला काही लावावं लागत नाही, ते आपोआप लागलेलं असतं.

आता राग कुठे योग्य ते सांगतो. फेब्रुवारी 2003 मध्ये इंग्लंडची ऑस्ट्रेलियाशी लंडनमध्ये फ्रेंडली होती (हे शेजारी नव्हेत, पण उदाहरण इतकं चपखल आहे की सोडवत नाही). स्वेन गोरान एरिक्सन कोच होते, त्यांनी हाफटाइमला अख्खीच्या अख्खी टीम बदलली, अकराच्या अकरा, आणि इंग्लंड 3-1 ने हरलं. त्याच मॅचमध्ये 17 वर्षांच्या वेन रूनीनं पदार्पण केलं म्हणजे कोचला हवं ते थोडंफार मिळालं पण प्रेक्षकांना काय मिळालं? पूर्ण पैसे भरून अर्धी अर्धी दोन टीमची प्रॅक्टिस. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, फ्रेंडलीत बदली खेळाडू सहाच अशी मर्यादा आली. त्यामुळे फॅन चिडला की तो भावनेच्या भरात बोलतोय असं उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही, चिडण्यामागे बऱ्याचदा अगदी व्यवहाराची तक्रार असते आणि ती ऐकली तर खेळ सुधारतो.

पण निकालावरून कोचला काढा म्हणणं, ते मात्र मला पटत नाही. ऑगस्ट 2013 ची वेम्बलीवरची इंग्लंड स्कॉटलंड मॅच घ्या, इंग्लंडच्या असोसिएशनला 150 वर्षं झाली म्हणून ठेवलेली. स्कॉटलंड दोनदा पुढे गेलं, दोनदा इंग्लंडनं गाठलं, आणि मग 31 व्या वर्षी पहिल्यांदाच देशाकडून खेळायला उतरलेल्या रिकी लॅम्बर्टनं मैदानात आल्यावर पहिल्याच टचला हेडरनं गोल मारला, 3-2. हा माणूस एकेकाळी बीटच्या कारखान्यात कामाला होता. आता स्कॉटलंडच्या फॅननं त्या रात्री काय धरून बसायचं, हरलो हे, की इंग्लंडच्या घरी दोनदा आघाडी घेतली हे? मी दुसरं धरीन. ग्रुपमध्ये पुढच्या वेळी वाद झाला की एवढंच विचारा, बदल्या सुरू होईपर्यंत आपण कसे खेळलो? साठाव्या मिनिटानंतर सगळं विस्कटतं, त्यावरून कोणाची लायकी ठरवू नये. आणि पोरं धावत नसतील, पडलेला बॉल घ्यायला जात नसतील तर मात्र बिनधास्त बोला, फ्रेंडली असो नाहीतर काही.

प्रश्न : फ्रेंडली हरल्यानं फिफा रँकिंगवर परिणाम होतो का? की नुसतीच अफवा?

होतो, पण कमी. 2018 पासूनच्या पद्धतीत प्रत्येक मॅचला वजन आहे. फिफाच्या ठरलेल्या विंडोतली (म्हणजे देशांच्या मॅचसाठी राखून ठेवलेल्या तारखांतली) फ्रेंडली असेल तर 10, विंडोबाहेरची असेल तर 5, वर्ल्ड कपची क्वालिफायर असेल तर 25. दोन्ही टीमचे पॉइंट सारखे धरले तर विंडोतली फ्रेंडली जिंकणाऱ्याला वजनाच्या निम्मे म्हणजे 5 मिळतात आणि हरणाऱ्याचे 5 जातात, तीच क्वालिफायर असती तर 12.5. खरी झळ बसते ती खालच्या टीमकडून हरल्यावर, आपल्यापेक्षा 200 पॉइंटनं मागे असलेल्या शेजाऱ्याकडून हरलात तर साधारण 6.8 जातात आणि बरोबरी केली तरी पावणेदोनच्या वर जातात. म्हणून मोठ्या देशांचे कोच लहान शेजाऱ्याशी खेळायला फारसे उत्सुक नसतात, त्यांना मिळण्यासारखं कमी आणि जाण्यासारखं जास्त.

प्रश्न : मी दहावीत आहे. समोरच्या देशाचं राष्ट्रगीत चालू असताना आपले प्रेक्षक शिट्ट्या मारतात, हुर्यो करतात. बाबा म्हणतात की हा स्टेडियमचा भागच आहे, मला लाज वाटते. माझं काही चुकतंय का?

नाही ग, तुझं काहीही चुकत नाहीये. बाबांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे की हे सर्रास चालतं. सप्टेंबर 2023 मध्ये ग्लासगोला हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंड इंग्लंड मॅच झाली, त्या 1872 च्या मॅचची दीडशे वर्षं साजरी करायला ठेवलेली, आणि त्यातही इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या वेळी जोरदार हुर्यो झाली. पुढे बदली म्हणून आलेल्या इंग्लंडच्या डिफेंडर हॅरी मॅग्वायरनं प्रत्येक वेळी बॉलला पाय लावला की स्कॉटिश प्रेक्षक टर उडवायला टाळ्या वाजवायचे, त्याच्याकडून ओन गोलही (आपल्याच जाळ्यात गोल) झाला, इंग्लंड 3-1 ने जिंकलं तरी मॅचनंतर कोच गॅरेथ साउथगेट त्याच्या बाजूनं तावातावानं बोलले, आणि त्यांचा रोख स्कॉटिश प्रेक्षकांवर कमी आणि आपल्याच देशातल्या टीकाकारांवर जास्त होता. प्रतिस्पर्ध्याला चिडवणं, बॉल त्याच्या पायाशी आला की आवाज चढवणं, हे खेळात बसतं, मॅग्वायरच्या बाबतीतसुद्धा मी स्कॉटिश प्रेक्षकांना दोष देणार नाही. राष्ट्रगीताचं तसं नाही, ते कोणा एका खेळाडूचं नसतं, समोरच्या स्टँडमध्ये पोराला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं असतं आणि त्यानं तुझं काही बिघडवलेलं नसतं.

आणि हे असंच असायला हवं असंही नाही, याचा पुरावा आहे. 13 नोव्हेंबर 2015 ला पॅरिसमध्ये अतिरेकी हल्ले झाले, फ्रान्सचं नॅशनल स्टेडियमही त्यात होतं, आत फ्रान्स जर्मनी फ्रेंडली चालू होती. चारच दिवसांनी वेम्बलीवर इंग्लंड फ्रान्स फ्रेंडली ठरलेली होती, रद्द होईल असं वाटत होतं पण झाली. मोठ्या स्क्रीनवर फ्रान्सच्या राष्ट्रगीताचे शब्द लावले आणि इंग्लिश प्रेक्षकांनी ते म्हटलं, ज्या देशाची शतकानुशतकं खिल्ली उडवली त्या देशाचं राष्ट्रगीत, ज्यांना उच्चारही धड येत नव्हते त्यांनीसुद्धा. हल्ल्यात नात्यातली बहीण गमावलेला फ्रान्सचा लसाना दियारा बदली म्हणून मैदानात उतरला तेव्हा सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. इंग्लंड 2-0 ने जिंकलं हे मला आत्ता लिहिताना आठवावं लागलं.

याच्या उलट टोकही तुला माहीत असावं. 15 फेब्रुवारी 1995, डब्लिनचं लान्सडाउन रोड, आयर्लंड इंग्लंड, फ्रेंडलीच. बाविसाव्या मिनिटाला डेव्हिड केलीनं आयर्लंडचा गोल केला आणि वरच्या स्टँडमधल्या इंग्लिश प्रेक्षकांतल्या एका गटानं बाकं उखडून खाली बसलेल्या लोकांवर फेकायला सुरुवात केली. 27 व्या मिनिटाला रेफरीनं टीम बाहेर नेल्या, मॅच तिथंच संपली. हे दोन देश परत एकमेकांशी खेळले ते 2013 मध्ये, तब्बल अठरा वर्षांनी. काही शेकड्यांनी धुडगूस घातला आणि दोन्हीकडच्या एका आख्ख्या पिढीला ती मॅच बघायलाच मिळाली नाही. बाबांना हे नक्की सांग. आणि शिट्ट्या सुरू झाल्या की तू शांत उभी राहा, शेजारच्या दोघांतिघांनाही उभं कर. मी हे गंभीरपणे सांगतोय, दहा जण गप्प राहिले तरी त्या रांगेत फरक पडतो.

प्रश्न : ब्राझील आणि अर्जेंटिना इतके शेजारी, मग त्यांच्या फ्रेंडली दुसऱ्या खंडात का होतात?

पैसा. याहून मोठं कारण शोधू नका. या दोन देशांत 1914 पासून रोका कप म्हणून फ्रेंडली खेळली जायची, पहिली ब्युनोस आयर्सला झाली. 2011 मध्ये ती नव्या नावानं सुरू केली आणि आधी घरीच खेळवली, 2012 ची परतीची मॅच अर्जेंटिनातल्या रेसिस्टेन्सियाला होती ती फ्लडलाइट गेल्यामुळे रद्द करावी लागली, तिथं जमलेल्या लोकांचं काय झालं असेल विचार करा. मग 2014 ला बीजिंग, ब्राझील 2-0, मेस्सीची पेनल्टी अडवली गेली. 2017 ला मेलबर्न, 95 हजारांवर प्रेक्षक, 2018 ला जेद्दा, 2019 ला रियाध. खेळाडू बरेचसे युरोपात, आयोजक रक्कम मोठी देतात, असोसिएशनला ती हवी असते.

मला याचं वाईट वाटतं, आणि त्याचं कारण बीजिंगच्या किंवा मेलबर्नच्या प्रेक्षकांवर राग नाही, त्यांनी मेस्सी आयुष्यात एकदा डोळ्यांनी बघितला यात मला आनंदच आहे. पण शेजाऱ्यांच्या मॅचची मजा ही की समोरचे प्रेक्षक रात्रीची बस पकडून आलेले असतात आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची गाणी पाठ असतात. बेल्जियम आणि नेदरलँड्स 1905 पासून खेळतायत, दशकानुदशकं वर्षातून दोनदा, एकदा इकडे एकदा तिकडे. त्यातूनच सप्टेंबर 1999 ची रॉटरडॅमची 5-5 निघाली, फ्रेंडलीत दहा गोल. सापडले तर हायलाइट्स बघाच.

प्रश्न : आमच्याकडून फ्रेंडली खेळलेला खेळाडू शेजारी देशाच्या टीममध्ये गेला तर त्याला गद्दार म्हणायचं नाही तर काय?

तुम्ही नाव लिहिलेलं नाही पण डेक्लन राइस मनात असावा असं दिसतं. लंडनमध्ये जन्मलेला, आजी-आजोबा आयर्लंडचे, 2018 मध्ये आयर्लंडकडून तीन मॅच खेळला आणि 2019 मध्ये इंग्लंड निवडलं. हे त्याला करता आलं कारण तिन्ही फ्रेंडली होत्या. अधिकृत स्पर्धेची मॅच खेळलं की बांधले जाता, फ्रेंडलीनं नाही (2020 मध्ये तो नियमही थोडा सैल झाला). दिएगो कोस्टाही 2013 मध्ये ब्राझीलकडून दोन फ्रेंडली खेळून मग स्पेनकडे गेला. म्हणजे फ्रेंडली मॅच ही खेळाडूसाठीसुद्धा चाचपणी असते, आणि अठरा एकोणीसच्या पोरानं दोन घरांमधलं एक निवडलं तर त्याला गद्दार म्हणणं मला जड वाटतं. आयरिश फॅनचं दुःख मात्र खोटं नाही, त्यांनी त्याच्यात पुढची दहा वर्षं बघितली होती. सप्टेंबर 2024 ला नेशन्स लीगसाठी (युरोपातल्या देशांची अधिकृत स्पर्धा) तो इंग्लंडकडून डब्लिनला आला, बॉल पायाशी आला की हुर्यो होत होती, अकराव्या मिनिटाला त्यानंच गोल केला आणि आनंद साजरा केला नाही, आजी-आजोबा तिकडचे होते म्हणून. हुर्यो करणारेही मला समजतात आणि तोही समजतो. नियमाबद्दल राग असेल तर असोसिएशनला विचारा की अशा मुलाला वेळेत अधिकृत मॅच का दिली नाही.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. पहिली मॅच म्हणून शेजारी देशाशी असलेली फ्रेंडली दाखवायला नेऊ का, की गर्दीत त्रास होईल?

न्या. स्पर्धेच्या मॅचपेक्षा तिकीट मिळायला सोपं जातं आणि बदल्या जास्त होत असल्यानं तिला जास्त खेळाडू बघायला मिळतील. पाहुण्या प्रेक्षकांच्या स्टँडला लागून असलेल्या जागा घेऊ नका, गोलमागच्याही नको, तिथं सगळे उभे राहतात आणि तिला काही दिसणार नाही. फॅमिली स्टँड असेल तर तोच घ्या. वॉर्मअप सुरू व्हायच्या आधी पोचा, आणि तिला दोन्ही टीमच्या गोलकीपरची नावं आधीच सांगून ठेवा.