गाणं लायब्ररीत आहे, तरी सर्च ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. सर्च सैल करता येतो, की टॅगच नीट करावे लागतात?

‘टॅग नीट करा’ हे उत्तर तुम्हाला आधीच कुणीतरी दिलेलं असणार, नाहीतर प्रश्नाच्या शेवटी तो ‘की’ आला नसता. मी हे उत्तर वर्षानुवर्षं घरातच ऐकत आले आहे, थोरल्या भावाकडून. म्हणून आधीच सांगते: नुसते टॅग, म्हणजे फाइलीसोबत साठवलेली गाण्याची माहिती, नीट करून हा प्रश्न सुटत नाही. कधीकधी उलट चिघळतो.

आमच्या आत्याच्या गाण्याच्या जुन्या कॅसेट दादाने डिजिटल केल्या. काम मन लावून केलं, त्याबद्दल दुमत नाही. प्रत्येक फाइलला राग, ताल, साथीदार, साल, सगळं देवनागरीत. दादा प्रोग्रामर आहे आणि त्याच्या फाइलींना नाव ठेवायची कुणाची हिंमत नाही. एकदा आत्या आलेली असताना म्हणाली, “अगं, तो दुसऱ्या बैठकीतला यमन लाव ना, त्यात तबला फार छान वाजलाय.”

मी फोनवर ‘यमन’ टाइप केलं. आत्या जन्मभर यमन गायलेली, त्यामुळे यादी काही संपेना. म्हणून पुढे ‘दुसऱ्या’ जोडलं. यादी रिकामी. ‘दुसऱ्या’ एकटंच टाकून पाहिलं, तरी तेच. दादा तिकडून, मान वर न करता, “मग ते नसेलच. असतं तर आलं असतं.” आत्याला वाटलं, कॅसेटच खराब निघाली असेल, आणि ती बिचारी “असू दे, दुसरं काहीतरी लाव” म्हणायला लागली. मला राहवेना. यमनची यादी बोटाने सरकवत खाली गेले, तर ते होतं तिथेच: ‘यमन, दुसऱ्या बैठकीतला’. मी टाइप केलं होतं अगदी तसं. दादाला दाखवलं तर म्हणतो, “तू काहीतरी चुकीचं टाइप केलं असशील.”

हे वाक्य मला झोंबलं. त्या रात्री एक ‘दुसऱ्या’ टॅगमधून कॉपी केला, एक माझ्या फोनवर टाइप केला आणि दोघांचे युनिकोड कोड, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षरासाठी वापरतो ते ठरलेले क्रमांक, काढले. दिसायला जुळे, आतून वेगळे. माझ्या फोनने खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्ताचं चिन्ह आणि मग य असं लिहिलं होतं. दादाच्या कीबोर्डने साधा र, हलन्ताचं चिन्ह, त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं डोळ्यांना न दिसणारं चिन्ह आणि मग य. दोन्ही पद्धती युनिकोडला मान्य आहेत, चुकीची एकही नाही. दादाचा हुकमी एक्का म्हणजे “मी सगळं नॉर्मलाइझ केलंय”. केलं असेल. पण नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एका साच्यात आणणं, फार तर ‘ऱ’ आणि ‘र अधिक खालचं टिंब’ यांना एक करतं, जॉइनरला ते हात लावत नाही. ‘ॲ’ची कथा अशीच. त्याला स्वतःचा कोड मिळाला युनिकोड ५.१ मध्ये, म्हणजे २००८ साली. तोवर लोक अ, जॉइनर आणि वरचा चंद्र जोडून वेळ मारून नेत होते, आणि तशा पद्धतीने लिहिलेले टॅग अजून ढिगाने पडलेत.

हे सगळं दादापुढे ठेवल्यावर त्याचं उत्तर: “मग घरात सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरा.” म्हणजे गाणं ऐकायला बसलेल्या माणसाने आधी कीबोर्ड बदलावा.

पुढचा भाग आणखी मजेचा. त्याच्याच आग्रहाने मी माझा इंग्रजी गाण्यांचा संग्रह म्युझिकब्रेन्झ या गाण्यांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावरून, त्यांचंच पिकार्ड हे सॉफ्टवेअर वापरून टॅग करून घेतला. टॅग इतके शुद्ध झाले की बस. म्युझिकब्रेन्झचा कल असा की विरामचिन्हं चांगल्या छापील पुस्तकातल्यासारखी असावीत. अपॉस्ट्रॉफी सरळ नको, वळणदार हवा. हायफनसुद्धा कीबोर्डवरचा नाही, युनिकोडने खास हायफन म्हणून ठेवलेला. ‘ए-हा’ या नॉर्वेच्या बँडचं नाव तिथे त्या खास हायफनने लिहिलंय. तो हायफन तुमच्या कीबोर्डवर शोधून दाखवा! मी साधा हायफन टाकून शोधायचे आणि ज्या बँडचे अल्बम समोर पडलेत तो बँड माझ्याकडे नाहीच, असं माझं सॉफ्टवेअर मला सांगायचं. टॅग गबाळे होते तेव्हा बरोबर सापडत होता. शीर्षकात ‘डोन्ट’ किंवा ‘कान्ट’ आलं की तीच गत. ब्यर्कच्या नावातल्या ओवर दोन टिंबं, बियॉन्सेच्या शेवटच्या ईवर तिरकी रेघ, सिगुर रोसच्या ओवरही तशीच रेघ. पूर्वी कुणीतरी आळशीपणाने नुसता ओ आणि नुसता ई लिहून ठेवला होता, तेव्हा सगळी मंडळी एका झटक्यात यायची.

यावर दादा म्हणाला, पिकार्डमध्ये ती विरामचिन्हं आस्कीत, म्हणजे कीबोर्डवरच्या साध्या इंग्रजी चिन्हांत, बदलायचा पर्याय आहे. आहे, मी तो वापरतेही. पण मग टॅग ‘नीट’ कुठे राहिले? सर्चला झेपावं म्हणून आपणच टॅग पुन्हा गबाळे करायचे, एवढाच त्याचा अर्थ झाला. याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. टॅगमध्ये काय लिहावं हा एक विषय आणि ते सापडावं कसं हा दुसरा. टॅग जसा आहे तसा ठेवा, शोधासाठी त्याची एक सपाट प्रत बाजूला करा. कॅपिटल-स्मॉल, वरच्या रेघा, टिंबं, अपॉस्ट्रॉफीचं वळण, जॉइनर, सगळं काढून टाका. मी टाइप केलेलंही तसंच सपाट करा आणि मग जुळवा. यात काहीही नवीन नाही. युनिकोडच्या स्वतःच्या तुलना-पद्धतीत पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर फक्त मूळ अक्षरं बघतात, रेघा आणि खालचं टिंब दुसऱ्या पातळीवर जातं आणि जॉइनर तर मोजतच नाहीत. त्या हिशेबाने दादाचा ‘दुसऱ्या’ आणि माझा ‘दुसऱ्या’ एकच. उच्चार जवळचे असलेली नावं एकत्र आणणाऱ्या साउंडेक्सचं पेटंट तर १९१८ सालचं आहे, संगणक यायच्या आधीचं.

मग अडतं कुठे? अडतं आळसात. बरीच सॉफ्टवेअर आतून एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतात. त्यातलं ‘लाइक’ हे मजकूर जुळवायचं साधन मूळ अवस्थेत फक्त साध्या आस्की अक्षरांतला कॅपिटल-स्मॉल फरक विसरतं, बाकी जगाच्या अक्षरांशी त्याला देणंघेणं नाही. त्याच्या एफटीएस५ या शब्द शोधायच्या साधनामध्ये वरच्या रेघा काढून टाकायची सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ते काना-मात्रांना शब्दाचा भाग धरत नाही, त्यामुळे देवनागरी शब्द मात्रेपाशीच तुटतो. एक सेटिंग बदललं की हे थांबतं. ते न करता वर आपल्यालाच शिस्त शिकवायची, याचा मला राग येतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर तुम्ही सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं नाही, त्यामुळे ढोबळच सांगते. शब्द जोडत जाऊ नका, कमी करा. बहुतेक ठिकाणी टाकलेले सगळे शब्द जुळावेच लागतात, म्हणून एक शब्द फसला की सगळं फसतं. संशय येईल असं अक्षर टाळून शब्दाचा मधला निरुपद्रवी तुकडा टाका. ‘दुसऱ्या बैठकीतला’ऐवजी नुसतं ‘बैठक’. फूबार२००० हा प्लेअर वापरत असाल तर क्वेरीत ‘इज’ म्हणजे तंतोतंत आणि ‘हॅज’ म्हणजे आत कुठेही, त्यामुळे ‘हॅज’ घ्या. बीट्स हे लायब्ररी सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचं फझी, म्हणजे अंदाजाने जुळवणारं, प्लगइन चालू करून शब्दाच्या आधी टिल्ड (~) लावा, थोडंफार चुकलेलंही सापडतं. रागांची नावं रोमनमध्ये असतील तर फझीशिवाय इलाज नाही. पूरियात एक यू की दोन ओ, बागेश्रीच्या शेवटी आय की दोन ई, हे ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहिलेलं असतं आणि ते नुसतं सपाट करून जुळत नाही.

फाइल फार जुन्या असतील तर मात्र टॅग बघावेच लागतील. १९९६ च्या पहिल्या आयडी३ मध्ये, म्हणजे एमपी३ फाइलींच्या टॅगच्या साच्यात, शीर्षकाला ३० अक्षरांचीच जागा होती, पुढचं कापलं जायचं. जे लिहिलेलंच नाही ते कुठलाही सर्च आणून देणार नाही. इथे दादा बरोबर आहे.

आणखी एका ठिकाणी तो बरोबर आहे, आता एवढं बोललेच आहे तर तेही लिहिते. आपोआप बनणाऱ्या प्लेलिस्टचे नियम कडकच हवेत, तिथे सैलपणा आला की नको ती गाणी घुसतात. छोट्या नावांना फझी लावलं तर एक अक्षर इकडचं तिकडे होऊन अर्धी लायब्ररी समोर येते. आणि ‘द’ गाळून शोधणाऱ्या अतिशहाण्या सर्चला ‘द द’ नावाचा इंग्लिश बँड कधीच सापडणार नाही. त्यामुळे तंतोतंत जुळणारे निकाल वर आणि सैल जुळणारे त्याखाली, असं दाखवणारं सॉफ्टवेअर मिळालं तर तेच घ्या. घेण्याआधी तुमच्याच संग्रहातलं ‘ऱ्य’ असलेलं एखादं शीर्षक फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून, दोन्हीकडून टाइप करून बघा. जाहिरातीत ‘स्मार्ट सर्च’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. आत्ताच्या सॉफ्टवेअरच्या डेव्हलपरलाही कळवा. ‘टॅग नीट करा’ असं उत्तर आलं तर दोन्ही शब्दांचे कोड काढून पाठवा आणि यातला चुकीचा कोणता, ते विचारा.

ता. क. ‘सगळे टॅग इंग्रजीत करा, प्रश्नच मिटेल’ अशी कमेंट करणाऱ्यांनी आधी वरचं पूरियाबद्दलचं वाचावं.