मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पुन्हा चालता येईल का? नव्या संशोधनाने काय साधले आणि काय नाही

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: धाकट्या भावाला अपघातात मणक्याची दुखापत होऊन दोन वर्षे झाली, कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेलेली आहे, कागदपत्रांवर ‘टी-१०, कम्प्लीट’ (म्हणजे छातीच्या भागातली दहावी पातळी, पूर्ण दुखापत) असा शेरा आहे. पाठीत यंत्र बसवल्यावर लोक चालू लागल्याचे व्हिडिओ त्याने पाहिले आहेत, दुसरीकडे कोणीतरी स्टेम सेलची इंजेक्शने सुचवली आहेत, आणि या दोन्हींत कितपत तथ्य आहे हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि मज्जारज्जूची दुखापत झालेले रुग्ण हेच माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

व्हिडिओ खरे आहेत. मात्र त्यांत जे दिसते ते तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जोडल्याने घडलेले नाही, आणि हा फरक नीट समजला तरच पुढचे निर्णय शहाणपणाने घेता येतील.

मेंदूतून निघणारे लांब चेतातंतू मज्जारज्जूतून खाली उतरतात आणि दुखापतीच्या जागी तुटतात किंवा निकामी होतात. हातापायांतली नस कापली गेली तर तिचे तंतू हळूहळू का होईना पुन्हा वाढतात. मज्जारज्जूतले तंतू मात्र वाढत नाहीत. याचे एक कारण सभोवतालच्या ऊतींमध्ये आहे. १९८१ साली डेव्हिड आणि अग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत पायाच्या नसेचा तुकडा मेंदूच्या बुंध्यापासून मज्जारज्जूपर्यंत पुलासारखा बसवला, तेव्हा एरवी न वाढणारे तंतू त्या तुकड्यातून बरेच अंतर वाढत गेले. म्हणजे वाढण्याची क्षमता पेशींत शिल्लक असते, पण परिसर त्यांना अडवतो. पुढे मार्टिन श्वाब यांच्या प्रयोगशाळेने ‘नोगो’ नावाचे वाढ रोखणारे प्रथिन शोधले आणि त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाची माणसांवर चाचणीही झाली. एकूण गटात अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही, अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांत काही सुधारणेच्या खुणा तेवढ्या दिसल्या. माणसांत तंतू पुन्हा वाढवून चालता करण्याचा उपाय आज कोणाकडेही नाही, हे स्पष्टच सांगायला हवे.

मग व्हिडिओतली माणसे चालतात कशी? दुखापतीच्या खाली मज्जारज्जूचा जो भाग उरतो तो मेलेला नसतो. पाय उचलणे, टेकवणे, गुडघा वाकवणे यांची लय घडवणाऱ्या पेशींची जाळी तिथेच असतात. वरून संदेश येणे थांबल्यामुळे ती पेंगुळल्यासारखी पडून राहतात. मज्जारज्जूवरील आवरणाच्या बाहेर, पाठीच्या बाजूला, इलेक्ट्रोडची पट्टी बसवून मंद विद्युत स्पंद दिले की पायांकडून आत येणारे संवेदी तंतू उद्दीपित होतात आणि त्यांच्यामार्फत ही जाळी जागृत होतात. अशा अवस्थेत वरून आलेला अगदी क्षीण संदेशही कामी येऊ शकतो.

याचा माणसांतला पहिला ठळक पुरावा २०११ साली अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठातील सुसान हार्केमा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पाय पूर्ण लुळे असलेला एक तरुण उद्दीपन चालू असताना स्वतःचे वजन पेलत उभा राहिला. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे काही महिन्यांनी, उद्दीपन चालू असताना, तो स्वतःच्या इच्छेने पाय हलवू लागला. २०१४ साली याच गटाने एकूण चार जणांत हे दाखवले. त्यांतल्या दोघांना दुखापतीखाली संवेदनाही नव्हती. म्हणजे तपासणीत ‘पूर्ण’ ठरलेल्या दुखापतीतूनही काही तंतू वाचलेले असू शकतात, फक्त त्यांचा आवाज एरवी खालपर्यंत पोचत नाही. तुमच्या भावाच्या कागदावरचा ‘कम्प्लीट’ हा शब्द याच अर्थाने वाचावा.

२०१८ साली लुइव्हिल, अमेरिकेतीलच मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधील लोझान अशा तीन ठिकाणांहून जवळजवळ एकाच सुमारास चालण्याचे निकाल आले. लोझानचे ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलीन ब्लोक यांच्या कामातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सतत एकाच प्रकारे दिलेला विद्युतप्रवाह उंदरांत उत्तम चालत होता, माणसांत मात्र तितका नाही. माणसाच्या तंतूंतून उलट दिशेने जाणारे स्पंद पायांकडून येणाऱ्या नैसर्गिक संदेशांवर आदळून त्यांना नष्ट करतात, त्यामुळे पाय नेमका कुठे आहे ही माहितीच हरवते, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून त्यांनी पाऊल उचलण्याच्या आणि टेकवण्याच्या क्षणाशी जुळवून, मज्जारज्जूच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या वेळी स्पंद देण्याची पद्धत बसवली. याच पद्धतीसाठी खास बनवलेली लांब पट्टी वापरून २०२२ साली पायांची हालचाल आणि संवेदना पूर्ण गेलेल्या तीन जणांनी यंत्र जुळवल्यावर पहिल्याच दिवशी पावले टाकली. ती शरीराचे बरेचसे वजन वरच्या पट्ट्यांनी पेललेले असताना टाकलेली होती, हे बातम्यांत हमखास सुटते. पुढे कित्येक महिन्यांच्या सरावानंतर ते वॉकर घेऊन बाहेर फिरू शकले.

त्याच वर्षी या गटाने नऊ जणांच्या अभ्यासातून आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. उद्दीपन आणि सराव यांच्यानंतर चालणे सुधारले, पण चालताना मज्जारज्जूच्या उद्दीपित भागातल्या पेशींची सक्रियता वाढण्याऐवजी कमी झालेली आढळली. उंदरांत शोध घेतल्यावर पेशींचा एक विशिष्ट प्रकार सापडला: इजा न झालेल्या उंदरांत तो बंद पाडला तरी चालण्यात फरक पडत नाही, इजेनंतर मात्र त्याच्यावाचून चालणे परत येत नाही. म्हणजे सराव हा उपचाराला जोडलेला व्यायाम नव्हे, तर कोणत्या पेशी कामाला लागतील हे तोच ठरवतो. फिजिओथेरपीकडे ‘वेळ घालवण्याचा प्रकार’ म्हणून पाहणाऱ्या नातेवाइकांना मी हा अभ्यास आवर्जून समजावून सांगते.

तुमच्या भावाने पाहिलेला व्हिडिओ बहुधा २०२३ सालचा असावा: मेंदूवर दोन रोपणे, त्यांनी टिपलेला चालण्याचा हेतू संगणकाकडे, आणि तिथून पाठीतल्या उद्दीपकाकडे. तो प्रयोग खराच विलक्षण आहे, कारण पाऊल कधी टाकायचे हे तो माणूस स्वतः विचार करून ठरवतो, आणि नंतर यंत्र बंद असतानाही तो कुबड्यांनी चालू लागला. परंतु त्याची दुखापत मानेतली आणि अपूर्ण होती, त्याचे वाचलेले तंतू तुलनेने अधिक होते, आणि तो आधीच्या चाचणीत दीर्घकाळ सराव केलेला होता. टी-१० पूर्ण दुखापतीच्या रुग्णाने त्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नये.

तुमच्या भावाच्या बाबतीत मी सर्वात आधी एक साधी तपासणी करीन. पाठीवर निजवून, पोटरी आधाराने धरून, पाऊल झटक्यात वर ढकलायचे आणि तसेच धरून ठेवायचे. पाऊल आपोआप ठकठक उडू लागले, किंवा पाय अधूनमधून स्वतःहून आखडत असतील, तर खालचा मज्जारज्जू आणि स्नायूंकडे जाणाऱ्या नसा जिवंत आहेत. हा ताठरपणा नकोसा वाटतो, पण उद्दीपनाच्या दृष्टीने तो चांगला संकेत आहे. याउलट पाय कायम सैल, मांड्या-पोटऱ्या झपाट्याने बारीक झालेल्या आणि कोणतीही प्रतिक्षिप्त क्रिया नाही असे असेल, तर इजा मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या भागाला किंवा तिथून निघणाऱ्या मुळांना झालेली असू शकते, आणि पाठीतल्या उद्दीपनासाठी लागणारा आधारच तिथे उरत नाही. टी-१० ही पातळी या सीमेपासून फार दूर नसल्यामुळे मणका कोणता मोडला एवढ्यावर न थांबता हे पाहणे आवश्यक असते. तसेच ‘पूर्ण की अपूर्ण’ हे गुदद्वाराजवळची स्पर्शसंवेदना, आतून दाब दिल्यावर होणारी जाणीव आणि तिथला स्नायू स्वेच्छेने आवळता येतो का, यावरून ठरते. संकोचामुळे किंवा घाईमुळे हा भाग कधीकधी उरकला जातो. दोन वर्षांपूर्वीचा शेरा असेल तर ती तपासणी पुन्हा, पूर्ण करून घ्या.

आता थोडे त्याविषयी, ज्याचे व्हिडिओ होत नाहीत. २००४ साली किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची दुखापत असलेल्या ६८१ जणांना विचारले की कोणती क्षमता परत मिळाल्यास आयुष्य सर्वाधिक सुधारेल. चारही अवयव बाधित असलेल्यांनी हाताचे काम सर्वात वर ठेवले, पाय बाधित असलेल्यांनी लैंगिक क्षमता. आणि लघवी-शौचावरील नियंत्रण दोन्ही गटांत चालण्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे ठरले. संशोधनाची दिशा यामुळे बदलते आहे याचे मला मनापासून समाधान वाटते. २०२४ साली मानेची दुखापत असलेल्या ६० जणांवरील चाचणीत त्वचेवरून, कोणतीही शस्त्रक्रिया न करता दिलेले उद्दीपन हातांच्या थेरपीबरोबर वापरले गेले. ७२ टक्के सहभागींत हाताची ताकद आणि काम या दोन्हींत मोजण्याजोगी सुधारणा झाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या यंत्राला परवानगी दिली. ते यंत्र अपूर्ण दुखापतीच्या आणि हातांच्या उपयोगासाठी आहे, म्हणजे तुमच्या भावासाठी नाही. पण व्हिडिओतल्या पावलांपेक्षा असे काम अधिक लोकांपर्यंत लवकर पोचेल, असे माझे मत आहे.

बाहेरून घालायचे यांत्रिक पाय, म्हणजे एक्सोस्केलेटन, २०१४ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहेत. त्यांचा सरासरी वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास, म्हणजे निरोगी माणसाच्या चालीच्या सुमारे पंचमांश आहे. उभे राहण्याचा व्यायाम म्हणून ते उपयोगी आहेत. व्हीलचेअरची जागा ते घेत नाहीत.

स्टेम सेलविषयी मी ठाम सांगते: पैसे घेऊन दिली जाणारी इंजेक्शने घेऊ नका. जपानमधील केयो विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन तयार केलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या चेतापूर्व पेशींचे, म्हणजे चेतापेशी होण्याच्या वाटेवरच्या पेशींचे, रोपण चार रुग्णांत करून २०२५ साली निष्कर्ष जाहीर केले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि दोघांत सुधारणा दिसली. परंतु ते रोपण दुखापतीनंतर दोन ते चार आठवड्यांत झाले होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्या काळात काही सुधारणा आपोआपही होते. दोन वर्षे जुन्या दुखापतीला ते लागू करता येत नाही. दुसऱ्या बाजूला २०१४ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद आहे: नाकातल्या अस्तराच्या पेशी मज्जारज्जूत घातलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी पाठीत वेदना सुरू झाल्या, आणि शस्त्रक्रियेत तिथे नाकातल्यासारखा चिकट स्राव करणारा गोळा सापडला. शिवाय पूर्वी अशा पेशी घेतलेल्या रुग्णांना पुढच्या अनेक चाचण्यांतून वगळले जाते, म्हणजे आज केलेला खर्च उद्याची खरी संधीही घालवू शकतो. ज्या संशोधनात रुग्णाकडूनच उपचाराचे पैसे मागितले जातात, नोंदणी क्रमांक सांगितला जात नाही आणि कोणाला घेणार नाही याचे निकष लेखी मिळत नाहीत, तिथून परत फिरा.

उद्दीपनाच्या चाचणीत जागा मिळण्याची शक्यता खुली ठेवायची असेल, तर शरीर त्यासाठी तयार राहिले पाहिजे, आणि हे काम आजपासून करता येते. घोटे, गुडघे आणि खुबे रोज ताणून पूर्ण कक्षेत हलते ठेवा. टाच वर ओढली जाऊन पाऊल एकदा कायमचे वाकले, तर कोणतेही यंत्र त्याला जमिनीवर सपाट टेकवू शकत नाही. गुडघ्याजवळची हाडे पहिल्या एक-दोन वर्षांतच खूप विरळ होतात, त्यामुळे उभे करण्याचा सराव सुरू करण्यापूर्वी अस्थिघनतेची तपासणी करून घ्या, नाहीतर वेदना न जाणवणाऱ्या पायात नकळत फ्रॅक्चर होऊ शकते. बेडसोर असलेल्या रुग्णाला सहसा चाचणीत घेतले जात नाही, म्हणून बसताना ठरावीक वेळाने वजन हलवणे आणि रोज आरशाने त्वचा पाहणे चुकवू नका. मूत्राशयातील दाबाची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक, दोन वर्षांत झाली नसेल तर याच महिन्यात करा, कारण तो दाब वाढलेला राहिला तर कोणतेही लक्षण न दिसता मूत्रपिंडे खराब होतात. हे अहवाल आणि ताज्या तपासणीचा तक्ता हाती आला की इथेच खाली लिहा, मग कोणत्या प्रकारच्या चाचणीचे निकष जुळतात ते अधिक नेमकेपणाने सांगता येईल.