‘आउटलॉ’चा पोर मराठीत कोणाचा पोर?

प्रश्न असा आहे: एक वाचक जुन्या अमेरिकी रेडिओ वेस्टर्नच्या धर्तीवर मराठी नभोनाट्य लिहीत आहेत. गावात एक पोरका मुलगा आहे. त्याचा बाप ‘आउटलॉ’ होता, आणि सगळं गाव मुलाला त्याच नावाने ओळखतं. त्यांनी ‘दरोडेखोराचा मुलगा’ असं लिहिलं, पण ते त्यांनाच पटेना. ‘डाकू’ हिंदी सिनेमातला वाटतो. मग काय म्हणावं?

पटेना हे बरोबरच आहे. दरोडा हा आपल्याकडे कायद्याने मोजून घेतलेला शब्द आहे. जुन्या दंडसंहितेच्या ३९१व्या कलमात पाच किंवा अधिक माणसं लागत, आताच्या न्याय संहितेतही तीच अट आहे. चार जणांनी केली तर ती जबरी चोरी. बोलताना हा हिशेब कोणी ठेवत नाही हे खरं, पण ‘दरोडेखोर’ म्हटलं की मराठी कानाला टोळी, मशाली आणि रात्रीचा वाडा दिसतो. कॅन्ससच्या माळावर एकटाच घोडा हाकणारा माणूस त्यात बसत नाही.

मुळात ‘आउटलॉ’ हा शब्द गुन्ह्याचं नाव नाहीच. नॉर्स भाषेतून जुन्या इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा अर्थ कायदा मोडणारा असा नव्हता. कायद्याने ज्याला आपल्या कुंपणाबाहेर काढलं, तो आउटलॉ. मध्ययुगीन इंग्लंडात आरोपी हजर झाला नाही तर परगण्याच्या कचेरीत त्याच्या नावाचा पुकारा होई. ओळीने पाच बैठकांत पुकारा होऊनही तो आला नाही, की तो कायद्याबाहेर गेला. त्याच्या डोक्याला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, म्हणजे लांडगा मारावा तसा कोणीही त्याला मारावा. ही शिक्षा तिथल्या फौजदारी कायद्यातून रीतसर गेली ती थेट १९३८ साली, वापरातून मात्र कधीच गेली होती.

आता आपले शब्द त्याच्याशेजारी ठेवून पाहा. ‘फरारी’ सर्वांत जवळचा वाटतो. आपल्याकडेही फरारी आरोपीसाठी उद्घोषणा निघते आणि ती त्याच्या गावात चारचौघांत वाचून दाखवावी लागते. पुकाऱ्याचीच ही दूरची भावंडं. पण फरारी हा स्वतः पळालेला असतो, आणि सापडल्यावर त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण असतं. ‘तडीपार’मध्ये बाहेर काढणं आहे. तड म्हणजे काठ, ‘काम तडीस नेलं’ म्हणतो त्यातला. पण हे काढणं जिल्ह्याच्या हद्दीपुरतं आणि फार तर दोन वर्षांचं. ‘परागंदा’ सुंदर शब्द आहे, पण त्यात दुष्काळाची, सावकाराची, विखुरल्या घराची हळहळ आहे, भीती नाही. ‘बंडवाला’ म्हणाल तर लगेच उमाजी नाईक आणि वासुदेव बळवंत डोळ्यांसमोर येतात. सरकारदरबारी ते लुटारू, लोकांच्या मनात वीर. तुमच्या नाटकातला बाप तसा नसेल तर या शब्दाला हात लावू नका.

भावनेने सर्वांत जवळचं काही असेल तर ते ‘वाळीत टाकणं’. तिथेही माणसाने काय केलं यापेक्षा त्याला कोणी बाहेर काढलं याला वजन असतं. आणि वाळीत टाकलेलं कुटुंब बायकापोरांसकट वाळीत पडतं. मला वाटतं, तुमच्या प्रश्नातला अवघड शब्द ‘आउटलॉ’ नाही, ‘पोर’ आहे.

कारण इंग्रजी कायदा बापापाशी थांबत नव्हता. गंभीर गुन्ह्यात आउटलॉ ठरलेल्या माणसाचं ‘रक्त नासलं’ असं मानत, आणि मुलाला त्याच्याकडून वारसा मिळत नसे. ही अलंकारिक भाषा नव्हे, कायद्यातली संज्ञा आहे. अमेरिकेने १७८७च्या राज्यघटनेत राजद्रोह्याच्या बाबतीतसुद्धा ही नासल्या रक्ताची शिक्षा वारसांना लागू करायची नाही असं लिहून ठेवलं. म्हणजे कागदावर पोरगा सुटला, पण गावाच्या तोंडून सुटला नाही. वेस्टर्नमधल्या अशा गोष्टी या दोहोंच्या मधल्या जागेत घडतात.

खरं उदाहरण हवं असेल तर जेसी जेम्सचा मुलगा घ्या. मिसुरीतला हा नामचीन आउटलॉ खोट्या नावाने राहत होता. ३ एप्रिल १८८२ रोजी त्याच्याच साथीदाराने त्याला मागून गोळी घातली तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता, आणि आपलं आडनाव हॉवर्ड आहे असं समजत होता. बाप गेला त्याच दिवसांत त्याला स्वतःचं नाव कळलं! पुढे १८९८ साली कॅन्सस सिटीजवळ रेल्वे लुटली गेली आणि आरोप आला तो याच्यावर. १८९९ मध्ये तो निर्दोष सुटला, नंतर कायदा शिकला आणि वकील झाला.

आपण मात्र ‘तिकडची गोष्ट’ म्हणून नामानिराळे राहू शकत नाही. जे इंग्रजी राज्य मायदेशात नासल्या रक्ताचा कायदा मोडीत काढत होतं, त्यानेच १८७१ साली इथे ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला. १९११ नंतर त्याचा फास मुंबई इलाख्यातही आवळला. मूल जन्मतःच गुन्हेगार. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती, आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या शहराच्या बोलण्यात अजून आहे. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि त्या लोकांसाठी ‘विमुक्त’ हा नवा शब्द आला. त्याच वर्षी २६ एप्रिलला अमेरिकेत सीबीएस रेडिओवर ‘गनस्मोक’ हे वेस्टर्न नभोनाट्य सुरू झालं होतं: कॅन्ससमधलं डॉज सिटी, तिथला कायद्याचा रखवालदार मार्शल मॅट डिलन आणि विल्यम कॉनरॅडचा तो भरदार आवाज. पहिल्या भागाचं नावही एका आउटलॉचंच, ‘बिली द किड’. हे सांगितलं ते अशासाठी की मराठी श्रोत्याला ‘बापामुळे पोर गुन्हेगार’ ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. ‘खाण तशी माती’ एवढं एक वाक्य दुकानदाराच्या तोंडी घातलंत तरी पुरे.

आता कामाचं. सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच प्रतिशब्द घालू नका. मार्शल कागदावरचा माणूस आहे, तो ‘फरारी’ म्हणेल. पण त्याची षष्ठी टाळा. ‘फरारीचा’ की ‘फराऱ्याचा’ यावर आपलंच एकमत नाही, आणि ध्वनिक्षेपकावर दोन्ही अडखळतात. गावातली कजाग बाई ‘लुटारूची अवलाद’ म्हणेल. ‘अवलाद’मध्ये जी थुंकी आहे ती ‘मुलगा’मध्ये येत नाही.

आणि गावाने पोराला चिकटवलेलं कायमचं नाव हवं असेल तर माझी निवड ‘पुंडाचा पोर’. पुंड म्हणजे कोणालाही न जुमानणारा, सत्तेला तोंड वर करून उभा राहणारा दांडगा. ‘पुंडपाळेगार’ जोडीने येतात ते उगाच नाही. शब्द जुना आहे, पण ‘पुंडाई’ अजून कळते. दोन्ही शब्दांचा आरंभ ‘प’ने होतो, त्यामुळे हाक मारल्यासारखा तो उच्चारता येतो, आणि नभोनाट्यात हे महत्त्वाचं. कोणी चुकून ‘गुंडाचा’ ऐकलं तरी अर्थ फार दूर जात नाही.

‘मार्शल’ मात्र मार्शलच ठेवा. फौजदार केलात तर डॉज सिटीत लगेच पोलीस चौकी उभी राहील, आणि घोड्याऐवजी सायकल येईल.