थांब म्हणण्याआधी

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. संपावर गेलेल्या कंत्राटी सफाई कामगारांनी 'तूर्त संयम पाळावा', असे पत्रक तुझ्या महाविद्यालयातल्या वरिष्ठांनी काढले आहे. त्यावर तुझी सही हवी आहे, आणि पत्रकात एकही वाक्य खोटे किंवा असभ्य नसल्यामुळे नाही म्हणायला तुला कारण सापडत नाही. नोकरी तासिका तत्त्वावरची आहे हे तू लिहिले नाहीस, पण ते मला ठाऊक आहे. वर माझ्याच जुन्या तासातले उदाहरण तू माझ्यावर उलटवलेस. अमेरिकेतले कॅथलिक बिशप जोसेफ ड्युरिक यांनीही असल्याच पत्रकावर सही केली होती आणि पुढे ते नागरी हक्कांचे पुरस्कर्ते झाले, मग आज सही करून उद्या सुधारता येत नाही का, असे विचारतेस.

येते. पण मधल्या काळाची किंमत सही करणारा मोजत नाही.

ड्युरिक वंशभेदाचे समर्थक नव्हते, हीच या प्रकरणातली अवघड गोष्ट आहे. त्यांचा जन्म १९१४चा, टेनेसीतल्या डेटनचा. लहानपण अलाबामातल्या बेसेमर या लोखंड-पोलादाच्या गावात गेले, आणि चाळिशीत ते सहायक बिशप झाले. जानेवारी १९६३मध्ये अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी गोऱ्या-काळ्यांचे वंशविभाजन कायम राहील अशी गर्जना केली, तेव्हा न्यायालयाचे निर्णय पाळा असे जाहीरपणे सांगणाऱ्या धर्मगुरूंमध्ये ते होते. तीनच महिन्यांनी अलाबामातल्याच बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी या विभाजनाविरुद्ध निदर्शने सुरू केली आणि सहा प्रोटेस्टंट, एक ज्यू व एक कॅथलिक अशा आठ धर्मगुरूंनी ती अविचारी आणि अवेळी ठरवणारे निवेदन काढले. त्यातले कॅथलिक म्हणजे ड्युरिक. निवेदन १२ एप्रिलचे, तो गुड फ्रायडे होता, आणि त्याच दिवशी किंग यांना अटक झाली. कोठडीत कागद नव्हता, म्हणून वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी उत्तर लिहायला घेतले. त्या उत्तराखालची तारीख १६ एप्रिल आहे. 'थांबा' हा शब्द आपले लोक वर्षानुवर्षे ऐकत आले आहेत आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'कधीच नाही' असाच निघाला, असे त्यांनी त्यात सांगितले. खेळण्याची बाग आपल्यासाठी का बंद आहे, हे सहा वर्षांच्या मुलीला सांगताना बापाची जीभ कशी अडखळते, तेही लिहिले. निवेदनाची भाषा सभ्य होती, हे मी तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो. ज्याला थांब म्हणायचे, तो कुठे थांबला आहे हे पाहिल्याची खूण मात्र त्यात कुठेच नव्हती.

हे मी तासाला सांगत असे. स्वतःचे मात्र सांगितले नाही. मी नवा प्राध्यापक होतो तेव्हा आमच्या गावात सफाई कामगार असेच संपावर गेले होते. गणपती आठ दिवसांवर होते, चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग होते, आणि 'सणानंतर अवश्य विचार होईल' असे पत्रक आम्ही काढले. मसुदा माझाच होता. त्यातला 'सामंजस्य' हा शब्द मला फार आवडला होता. दोन दिवसांनी आमच्या गल्लीत झाडणारी बाई दारात आली. पत्रकाची चौघडी तिने पोलक्यातून काढली. घामाने शाई फुटली होती. वाचायला तिने मुलाला बसवले होते म्हणे. "सर, यात तारीख नाही," एवढेच म्हणाली आणि कागद माझ्या हातात देऊन गेली.

माझीही बाजू ऐक. गावात तापाची साथ होती, माझे लेकरू आजारी होते, आणि संप चिघळला तर मार त्याच लोकांना बसेल असे मला मनापासून वाटत होते. वाटत होते हे खरेच आहे. पण त्यांच्या हजेरी शेडवर मी एकदाही गेलो नव्हतो. सण झाला, दिवाळी झाली, विचार झाला नाही. आजही ही बाजू मांडताना माझा आवाज चढतो, यावरून काय ते समज.

तू विचारतेस, ड्युरिक भित्रे होते की थोर. हा प्रश्न तुझ्या सोयीचा आहे, म्हणून तो सोडून दे. ते कुठे उभे होते आणि पुढे कुठे जाऊन उभे राहिले, ते विचार. डिसेंबर १९६३मध्ये त्यांची नॅशव्हिलला नेमणूक झाली. तेव्हा त्या धर्मप्रांतात सगळे टेनेसी राज्य येत असे, म्हणजे मेम्फिसही. १ फेब्रुवारी १९६८ला मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार तिच्या दाबयंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला सुमारे १३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकावर 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले असे. या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेले किंग तिथेच ४ एप्रिलला मारले गेले. संप मिटला १६ एप्रिलला, त्या तुरुंगातल्या पत्राच्या तारखेला, बरोबर पाच वर्षांनी. इतिहासाच्या मास्तराला तारखा दिसल्याशिवाय राहत नाहीत. आणि त्या बाईने तरी मला दुसरे काय विचारले होते?

तोवर ड्युरिक वंशसमानतेसाठी उघडपणे बोलणारे बिशप झाले होते. व्हिएतनाम युद्धाला आणि फाशीच्या शिक्षेलाही त्यांनी विरोध केला, आणि त्यांच्याच श्रद्धावंतांपैकी अनेकांना ते नकोसे झाले. पंचाहत्तरीपर्यंत पदावर राहता आले असते. १९७५मध्ये, साठीतच, त्यांनी ते सोडले आणि कैद्यांमध्ये काम करायला गेले. ज्यांच्यापर्यंत एक पत्र तुरुंगातून आले होते, ते स्वतः तुरुंगात जाऊ लागले. याला प्रायश्चित्त म्हणावे का, हे मला ठरवता येत नाही. त्यांच्याविषयी लिहिताना मी स्वतःविषयी बोलू लागतो, हे तुझ्या लक्षात आले असेलच.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि कंटाळा आला तरी सांगतो: ज्याला थांब म्हणायचे, तो कुठे थांबला आहे ते आधी जाऊन पाहा. सही कर किंवा करू नकोस, नोकरी तुझी आहे, मी निवृत्तिवेतनावर बसून तुला शौर्य शिकवणार नाही. पण न पाहता केलेली सही मला दाखवायला आणू नकोस.

हजेरी सकाळी सहाला लागते. संप असला तरी माणसे शेडपाशीच जमतात. पाऊस आहे, साध्या चपला घाल. पत्रक सोबत ने आणि कोणीतरी मागितले तर वाचून दाखव, सगळे, शेवटच्या नावापर्यंत. मुकादमाला माझे नाव सांगू नकोस; जुना माणूस आहे, त्याला ते आवडणार नाही.

तुझे
सर