बाथरूममधल्या इलेक्ट्रिक टॉवेल रॉडला गीझरच्या पॉइंटवरून लाईन घेतली तर चालेल का?

म्हणजे पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत म्हणून तुम्ही १०० वॅटचा गरम होणारा रॉड मागवलाय, गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट तिथे आधीच आहे, आणि त्यातूनच लूप मारून घरच्या घरी जोडायचा विचार आहे. लोडची काळजी नको, १०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा नाही, दोन किलोवॅटचा गीझर एकटाच साडेआठ-नऊ अँपिअर खेचतो. तरीही थेट लूप मारू नका. रॉडची केबल बारीक असते, बहुतेक ०.७५ स्क्वेअर एमएमची, आणि तिच्यामागे गीझरचा १६ नाहीतर २० चा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), म्हणजे केबल कुठे चेपून आतल्या आत तापायला लागली तरी एमसीबी पडेलच असं नाही. डीबीतून, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या मेन बॉक्समधून, वेगळी लाईन घ्या, १.५ स्क्वेअर एमएमची फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायर, त्यावर ६ अँपिअरचा एमसीबी. स्विच बाथरूमच्या बाहेर, आणि तो डीपी घ्या, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. आपल्याकडे बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात, तेव्हा साधा स्विच बंद केला तरी रॉडपर्यंत फेज आलेला असतोच.

आता खरा मुद्दा. गीझर वर टांगलेला असतो, त्याला रोज कोणी हात लावत नाही, पण हा रॉड म्हणजे अख्खा धातूचा, आणि त्याला तुम्ही रोज ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून धरणार. त्यामुळे डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का हे सगळ्यात आधी बघा. माणूस मरायला अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, १६ चा एमसीबी त्याला काय ओळखणार! आरसीसीबी फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत येतोय का हे बघते आणि फरक पडला की तोडते. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा. पण ते दाबल्यावर ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही, हे दोन वेगळे विषय आहेत.

अर्थिंगची भानगड जुन्या बिल्डिंगमध्ये फार असते. अर्थची वायरच आलेली नसते, मग कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या पिनमध्ये वायरचा तुकडा टाकून देतो, टेस्ट लॅम्प लावला की छान पेटतो आणि सगळ्यांना वाटतं अर्थिंग आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यातून फेज थेट रॉडच्या बॉडीवर येतो. म्हणून मल्टिमीटरवर न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर ते नॉर्मल आहे, पण गीझर चालू असतानाही अगदी शून्यच दिसला तर मेन बंद करून सॉकेट उघडून मागे बघाच. आणि आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती बायपास करून देतो असं वायरमन म्हणाला तर दुसरा वायरमन बोलवा, ती पडतेय कारण कुठेतरी लीकेज आहे किंवा असाच तुकडा टाकलेला आहे.

जागेचं म्हणाल तर शॉवरपासून लांब, दाराकडच्या भिंतीवर. कंपन्या शॉवरपासून ६० सेंटिमीटर वगैरे सांगतात, पण आपण बादली-मगने अंघोळ करतो, पाणी कुठवर उडतं ते तुम्हालाच माहिती, त्यामुळे शक्य तितकं लांब. रॉडवर आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे उडाले तरी आत जात नाहीत) किंवा त्याच्या वरचं रेटिंग छापलेलं असावं. ड्रिल मारताना नळाच्या आणि मिक्सरच्या सरळ वर-खालची जागा टाळा, टाइलच्या मागे पाईप तिथूनच गेलेले असतात.

रॉड भिंतीला लावणं तुम्ही करू शकता. डीबीतली लाईन आणि अर्थिंग मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि तो काम करत असताना स्वतः शेजारी उभे राहा.