पैसा माझा, मेहनत मित्राची: मालमत्तेतल्या जॉइंट व्हेंचरमध्ये नफा निम्मा-निम्मा ठेवावा का?

तुम्ही लिहिले आहे की जवळजवळ सगळा पैसा तुम्ही घालणार, मालमत्ता शोधण्यापासून दुरुस्ती करून विकण्यापर्यंतचे काम मित्र बघणार, आणि नफा दोघांत निम्मा-निम्मा. पहिल्या दोन गोष्टींत काही गैर नाही, जॉइंट व्हेंचर त्यासाठीच करतात. तिसरी मात्र मी या रूपात मान्य करणार नाही. नफा कशाला म्हणायचे आणि हाती आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटायचा, हे त्यात ठरतच नाही. भागीदारांचे बिनसते ते बहुधा या क्रमावरून, टक्क्यांवरून कमी.

आकडे धरून बघा. खरेदी आणि दुरुस्ती मिळून खर्च 100 लाख. त्यात 60 लाख बँकेचे कर्ज, 40 लाख पदरचे भांडवल. त्यातले 36 तुमचे, 4 मित्राचे. (मित्राने पदरचे थोडे पैसे घातलेच पाहिजेत, निदान 5 ते 10 टक्के. ही अट सोडू नका. ज्याचे काही बुडणार नाही, तो भलते धाडस करतो.) तीन वर्षांनी विक्री झाली, कर्ज आणि सगळे खर्च भागवून 69.6 लाख उरले, मध्ये कुणी काही उचलले नाही असे समजू.

रूढ पद्धत अशी: आधी दोघांचे मूळ भांडवल परत, 40 लाख. मग त्या भांडवलावर प्राधान्य परतावा (बाकीचा नफा वाटण्याआधी भांडवलाला मिळणारा ठरावीक परतावा), समजा साध्या व्याजाने वर्षाला 8 टक्के, म्हणजे 9.6 लाख, तोही भांडवलाच्याच प्रमाणात. उरले 20. त्यातले 30 टक्के, म्हणजे 6 लाख, मित्राला कामाचा वाटा म्हणून. बाकीचे 14 पुन्हा भांडवलाच्या प्रमाणात, 12.6 तुम्हाला आणि 1.4 त्याला. एकूण 29.6 लाखांच्या नफ्यात तुमचे 21.24 आणि मित्राचे 8.36. चार लाखांवर तीन वर्षांत सव्वाआठ लाखांच्या वर मिळाले, म्हणजे त्याच्यावरही अन्याय झालेला नाही.

आता विक्री फसली आणि हाती 44 लाखच आले असे धरा. निम्मा-निम्मा असेल तर तुम्हाला 36 लाखांवर 2 लाख, आणि मित्रालाही 4 लाखांवर 2 लाख. वरच्या क्रमाने तुम्हाला 3.6, त्याला 0.4, आणि कामाचा वाटा शून्य. तो वाटा चांगल्या निकालासाठीच असतो, तेव्हा हे बरोबरच आहे.

यात दोन बारकावे राहतात आणि पुढे तेच नडतात. परतावा साधा की चक्रवाढ? तीन वर्षांत 9.6 लाखांचे दरवर्षीच्या चक्रवाढीने सुमारे 10.4 लाख होतात, काम लांबले तर फरक वाढत जातो. दुसरे, मधल्या काळात भाडे आले आणि ते वाटले, तर ते आधी परताव्यापोटी धरायचे की भांडवलापोटी? भांडवलापोटी धरले तर पुढचा परतावा कमी रकमेवर मोजला जातो, म्हणजे तुमचे नुकसान. करारात शब्दांखाली असे एक सोडवलेले उदाहरण जोडा, शब्दांचा अर्थ लावण्यावरून होणारे बरेच वाद तिथेच मिटतात.

मित्राला कामाच्या वाट्याशिवाय फीही हवी असू शकते: खरेदीवर 1 ते 2 टक्के, दुरुस्तीवर देखरेखीचे वेगळे. देऊ नये असे नाही, पण खरेदीवरची फी व्यवहार झाला की मिळते, तो चांगला असो वा वाईट. म्हणून ती कमी ठेवून निकालावरचा वाटा वाढवणे तुमच्या हिताचे. मित्राच्या नात्यातल्या कंत्राटदाराला काम द्यायचे असेल तर तुमची लेखी संमती आणि निदान दोन बाहेरची दरपत्रके हवीत.

जादा पैशांचा प्रश्न जवळपास प्रत्येक दुरुस्तीत येतो. खर्चाच्या अंदाजात 10 ते 15 टक्के राखीव धरा, इमारत जुनी असेल तर त्याहून जास्त. तरीही 10 लाख कमी पडले आणि मित्राकडे त्याचा 1 लाख नसला, तर काय? दोन मार्ग रूढ आहेत. एक, ते तुम्ही भरायचे आणि ती रक्कम चढ्या व्याजाचे कर्ज मानून सगळ्या वाटपाआधी परत घ्यायची. दुसरा, त्याचा हिस्सा घटवायचा, तोही दंडासकट: तुम्ही भरलेले 1 लाख हिस्सा मोजताना दीड लाख धरायचे. मी पहिला निवडेन. दुसऱ्यात हिशेब किचकट होतो आणि हिस्सा गमावलेल्या माणसाचा कामातला जीव जातो. नोटिशीनंतर किती दिवसांत पैसे भरायचे, तेही लिहा. 10 ते 15 दिवस पुरतात.

रोजचे निर्णय मित्राला घेऊ द्या, प्रत्येक नळाला तुमची सही लागली तर काम अडेल. पण विक्री, नवे कर्ज, मूळ अंदाजाच्या 5 टक्क्यांहून जास्त खर्चवाढ आणि कोर्टकचेरी यांना दोघांची संमती हवी. खाते स्वतंत्र, ठरावीक रकमेवर दोन सह्या, आणि बँकेची नोंद तुम्हाला थेट दिसली पाहिजे, मित्राने पाठवलेला तक्ता नव्हे.

मालमत्ता स्वतंत्र कंपनीच्या किंवा मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेच्या नावावर घ्या, एका व्यवहाराला एक संस्था. साध्या भागीदारीत एका भागीदाराने केलेले देणे दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. संस्था असली तरी छोट्या व्यवहारात बँक वैयक्तिक हमी मागते, आणि ती बहुधा संयुक्त आणि स्वतंत्र अशी असते, म्हणजे बँक सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडूनही वसूल करू शकते. कुणाकडे सापडेल, तिथून ती घेणार. त्यामुळे हमीपोटी एकाला जास्त भरावे लागले तर दुसऱ्याने किती परत करायचे, याचा आपसांतला वेगळा करार करा.

शेवटी फारकत. मतभेद मिटत नसेल तर एकाने किंमत सांगायची आणि त्याच किमतीला घ्यायचे की विकायचे, हे दुसऱ्याने ठरवायचे, असे कलम बरेचजण घालतात. दिसायला ते न्याय्य आहे, पण ज्याच्याकडे रोख पैसा आहे त्याचेच त्यात फावते: समोरच्याला पैसे उभे करता येणार नाहीत हे हेरून तो कमी किंमत सांगतो. तुमच्या बाबतीत तो फायदा तुमचा, म्हणून मित्राचा वकील हरकत घेईल आणि ती रास्त असेल. मूल्यांकनकर्त्याने ठरवलेल्या किमतीला, 90 दिवसांच्या मुदतीने आणि पहिल्या वर्षानंतरच, असे ठेवलेत तर दोघेही सही करतील. हिस्सा बदलताना बँकेची परवानगी लागते का, हे कर्जाच्या करारात बघून घ्या. ती न घेता हिस्सा हलवला तर काही करारांत बँक सगळे कर्ज एकदम मागू शकते.

मित्र आजारी पडला किंवा वारला तर काम कोण चालवणार, याचे कलम बहुतेक मसुद्यांत नसते. त्याच्या वारसांना पैशांचा हिस्सा जावा, निर्णयाचा अधिकार नको, आणि दुसरा व्यवस्थापक नेमण्याचा अधिकार तुमच्याकडे असावा. नव्या माणसाची फी मित्राच्या न कमावलेल्या कामाच्या वाट्यातून द्यायची.