मार्चमधला बर्फ आणि धबधब्याची वाट

प्रश्न : आम्ही चौघे मित्र गेली बारा वर्षे सह्याद्रीत भटकत आहोत. राजगड, हरिश्चंद्रगड, भर पावसातले देवकुंड पायांखालून गेले आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मनालीला जाऊन वसिष्ठ गावावरचा जोगिनी धबधबा आणि जमल्यास अटल बोगद्यापलीकडचा सिस्सूचा धबधबा पाहण्याचा बेत आहे. शेवाळलेल्या कातळावर चालण्याची सवय असताना बर्फासाठी वेगळी तयारी लागेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : लागेल. आपला दम, पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय, वाट चुकल्यावर न गडबडणे हे सारे तिथेही कामाला येईल. शेवाळाचा अनुभव मात्र फारसा उपयोगी पडणार नाही. श्रावणातला कातळ सकाळी जितका निसरडा तितकाच दुपारी असतो, पण मार्चमधला बर्फ एकाच दिवसात तीन रूपे घेतो. आदल्या दुपारी वितळून वाटेवर आलेले पाणी रात्री गोठते आणि पहाटे तिथे काचेसारखा कडक थर तयार असतो. ऊन लागले की हा थर वरून थोडा सैल होतो आणि पाऊल धरू लागतो. दुपारी तोच बर्फ इतका मऊ पडतो की पाय गुडघ्यापर्यंत रुततो, आणि वरच्या उतारांवरचे दगड व बर्फाचे तुकडे सुटू लागतात. म्हणून वाट किती अवघड आहे हे विचारण्याआधी आपण तिथे किती वाजता असू हे ठरवावे. जोगिनीपर्यंत वसिष्ठहून साधारण तासाभराची चाल आहे. सकाळी लवकर निघावे आणि दुपारच्या जेवणाला गावात परत असावे.

हिमालयातल्या वसंतात मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बर्फाखाली झाकलेल्या नाल्यांची. काही वर्षांपूर्वी कुलूकडच्या एका नाल्यावर आम्ही उभे होतो. पलीकडच्या देवदारांपर्यंत बर्फ सलग आणि पांढराशुभ्र दिसत होता, आणि मी पाऊल टाकणारच होते. बरोबरच्या वाटाड्याने मला हाताने थोपवले आणि पुढच्या खडकाच्या कडेला काठी टोचली. काठी थेट मुठीपर्यंत आत गेली आणि त्या भोकातून जात्याच्या घरघरीसारखा पाण्याचा आवाज वर आला. त्याने कडा मोडून भोक मोठे केले तेव्हा दिसले, की बर्फ जेमतेम वीतभर जाड होता, खाली कमरेएवढी पोकळी होती आणि तळाशी काळेभोर पाणी धावत होते. पाणी खालून बर्फ खात जाते आणि उन्हात तापलेला खडक त्याला बाजूने वितळवतो, त्यामुळे नाल्यावरचा असा बर्फाचा पूल खडकांच्या आणि काठांच्या जवळ सर्वांत कच्चा असतो. मध्येच खळगा पडलेला, करडा किंवा ओलसर दिसणारा बर्फ टाळावा. खालून पाण्याचा आवाज येत असेल आणि स्थानिक माणसे त्याच सकाळी तिथून गेल्याची खूण नसेल, तर तिथूनच मागे फिरावे.

प्रत्यक्ष धबधब्यापाशी धोका वरूनही येतो. उडालेले तुषार आजूबाजूच्या खडकांवर गोठतात आणि त्यांचा पारदर्शक थर ओल्या कातळासारखाच दिसतो, त्यामुळे नजर फसते. कड्यावर लोंबणारी बर्फाची झुंबरे ऊन लागल्यावर कोणतीही सूचना न देता तुटतात. छायाचित्रासाठी त्यांच्या खाली जाऊ नये. कड्याच्या उंचीइतके तरी अंतर राखावे. धबधब्याच्या पायथ्याशी साचलेला बर्फाचा ढीग आतून पोकळ असू शकतो आणि गोठलेला डोह कितीही घट्ट दिसला तरी त्यावर चालू नये.

सिस्सूबाबत माझे मत थोडे कठोर आहे. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० साली सुरू झाल्यापासून पलीकडचे लाहौल खोरे हाताशी आल्यासारखे वाटते, पण बोगद्याच्या त्या तोंडाशी आपण ३,००० मीटरच्या वर असतो आणि मार्चमध्ये तिथे भर हिवाळाच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या हवामान प्रणालींमुळे, तिथे नवा बर्फ पडतो, आणि साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर तो सुटून खाली येण्याची शक्यता सर्वाधिक असते. ताजी हिमवृष्टी झाली असेल तर पुढचे दोन दिवस अशा उतारांच्या पायथ्याशी जाऊच नये. संरक्षण संशोधन विभागाची चंदीगड येथील संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते पाहावेत आणि पोलिसांनी रस्ता बंद केला असेल तर हुज्जत घालू नये. आपल्या जागी मी असते, तर सिस्सूचा धबधबा चंद्रा नदीच्या अलीकडून, रस्त्यावरूनच पाहिला असता.

बुटांविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगते. रबराच्या पट्ट्यावर साखळी आणि लहान दाते असलेले मायक्रोस्पाइक नेहमीच्या ट्रेकिंगच्या बुटांवर ताणून बसवता येतात आणि मळलेल्या गोठलेल्या वाटेवर उत्तम काम करतात. ओला बर्फ त्यांच्यात गोळा होऊन दाते झाकले गेले, तर काठीने ठोकून तो पाडावा. तीव्र उतारासाठी मात्र ते पुरे पडत नाहीत. तिथे क्रॅम्पॉन (बुटांवर बांधायचे मोठे टोकदार धातूचे दाते) आणि बर्फाची कुऱ्हाड लागते, आणि ती वापरायला शिकायचे असेल तर मनाली किंवा उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम करावा. जीन्स आणि सुती मोजे घरी ठेवावेत, कारण भिजलेला कापूस सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. सोबत्याला हुडहुडी भरली, तो अडखळू लागला, त्याचे बोलणे जड झाले, तर ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, गरम गोड पेय द्यावे आणि ताबडतोब खाली यावे. हुडहुडी थांबूनही माणूस सुस्त दिसत असेल, तर प्रकृती बिघडत चालली आहे असे समजावे. उतरताना प्लास्टिकवर बसून घसरगुंडी करण्याचा मोह अनेकांना होतो. खाली खडक असतात आणि वेग आवरता येत नाही, म्हणून ते करू नये.

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत आणि रोज पर्वती चढतात. मार्चमध्ये मनालीला त्यांना जोगिनीच्या वाटेवर नेता येईल का? त्यांची फार इच्छा आहे.
— एक वाचक भगिनी, सहकारनगर

उत्तर : रोज पर्वती चढणाऱ्यांच्या दमाची काळजी मला वाटत नाही. काळजी आहे ती पडण्याची, कारण या वयात मनगट किंवा खुबा मोडला तर महिनोन्महिने जातात. मनाली कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सुमारे ४०० मीटर उंच आहे, म्हणून पोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी वसिष्ठहून मायक्रोस्पाइक आणि दोन काठ्या देऊन त्यांना न्यावे, शक्य असल्यास गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा. वाट जिथपर्यंत उन्हात आणि कोरडी आहे तिथपर्यंतच जायचे, हे निघण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठरवावे. वाटेत मध्येच नकार दिला तर त्यांना वाईट वाटेल. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना फार त्रास देते, म्हणून चांगला गॉगल द्यावा. परतल्यावर वसिष्ठच्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांना पाय शेकता येतील, पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.